नगाऱ्यांखालचे रडे

एका राज्यात रडायला बंदी नव्हती, पण राजवाड्यातले रडे प्रजेच्या कानी पडू द्यायचे नाही, असा रिवाज होता. राजकुळातले मूल रडू लागले की वाड्याच्या दरवाजावरचे नगारे झडू लागत. मूल जितके मोठ्याने रडे तितके नगारे मोठ्याने वाजत, आणि मूल थांबले की नगारे थांबत. हा रिवाज कोणी घातला, कशासाठी घातला, हे कोणाला ठाऊक नव्हते. पण नगारखान्याला वतन होते आणि नगारचींना मानाची पागोटी होती, तेव्हा रिवाज मोडायचे कोणाच्या मनात येत नसे.

त्या राज्यावर भद्रकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राजा मोठा शांत. त्याचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता, आणि तो खळखळून हसलेलाही कोणी पाहिला नव्हता. लग्नाच्या मांडवात तो हळू बोलला, लढाईच्या मैदानात हळू बोलला, आणि मुलगी झाल्याचे सुईणीने येऊन सांगितले तेव्हा "बरे झाले" एवढेच म्हणाला, तेही हळू. प्रजा म्हणे, राजा असावा तर असा. त्याची राणी वेत्रवती डोंगरापलीकडच्या एका लहानशा राज्यातून आलेली. तिच्या माहेरी सगळे मोठ्याने बोलत आणि मोठ्याने हसत. सासरी आल्यावर तीही हळू बोलायला शिकली. काय करील बिचारी!

मुलीचे नाव ठेवले मंजुघोषा, म्हणजे गोड आवाजाची. ज्या ज्योतिष्याने हे नाव काढले तो पुढे तीर्थयात्रेला गेला आणि परत आलाच नाही. शहाणपणच केले त्याने.

कारण मंजुघोषा रडू लागली की रांजणातले पाणी उकळू लागे. आरसे तडकत. पिंजऱ्यातल्या पोपटांचा हिरवा रंग गळून खाली पडे, आणि दासी तो केरसुणीने गोळा करून पुन्हा पोपटांना चोळीत बसत. एकदा तर अंबारीचा हत्ती भर रस्त्यात मटकन खाली बसला आणि लाडू दाखवल्यावाचून उठला नाही. रडे नुसते रडे नसे. ती ताट भिरकावी, दायांना चावे, समोर येईल त्याचे केस धरी, आणि फरशीवर पडून टाचा घाशी. वर नगारे झडत असत. सगळा वाडा कानांत बोटे घालून उभा राही.

मग वादळ ओसरे. मंजुघोषा आईच्या मांडीवर ओल्या चेहऱ्याने पडे आणि विचारी, "आई, मी वाईट आहे का गं?"

राणी म्हणे, "नाही बाळ." पण लेक निजली की तिच्या मनात येई, मग माझे कुठे चुकते? आणि तिच्या जिवाची नुसती तगमग होई.

सल्ला द्यायला मात्र राज्यात कोणी कमी नव्हते. राजाच्या आत्याबाई म्हणाल्या, लाडाने बिघडली. थोरल्या काकू म्हणाल्या, धाकाने बिघडली. राजवैद्याने टाळूला घालायला तेल दिले, ते मंजुघोषेने राजवैद्याच्याच टाळूवर ओतले. ज्यांना मूलबाळ नव्हते त्यांनी सर्वांत जास्त सल्ले दिले. राणीने सगळे करून पाहिले. दटावले, समजावले, एकदा खोलीत कोंडले आणि मग स्वतःच दाराबाहेर बसून रडली. रडे थांबावे म्हणून सोन्याचे हरीण दिले, तर दुसऱ्या दिवशी मंजुघोषेला रुप्याचा मोर हवा झाला आणि तो मिळेपर्यंत वाड्यात एक आरसा धड राहिला नाही. राणीने हात टेकले.

अशात राज्याभिषेकाचा वार्षिक सोहळा आला. दरबार भरला, शिंगे फुंकली, शंख वाजले. मंजुघोषेला जरतारी अंगरखा घालून, गळ्यापर्यंत बंद बांधून, सिंहासनाच्या पायरीवर बसवले. थोडा वेळ ती बसली. मग तिने मान हलवली, कान चोळले, आणि एकदम किंचाळली. वर नगारे झडले. ती आणखी किंचाळली. नगारे आणखी झडले. घुमटाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली. सिंहासनाचा डावा सिंह दगडी होता, पण तोही कंटाळला. अंग झाडून उठला, पायऱ्या उतरला आणि मोठ्या दरवाजाने रानात निघून गेला. सिंहासन कलंडले. राजा तसाच तिरपा बसून राहिला. फक्त त्याचा हात स्वतःच्या गळ्याशी गेला.

तेव्हा राजमांत्रिक कालांजन पुढे आला. राज्याचा कारभार म्हणायला राजाचा होता, पण हळू बोलणाऱ्या राजाच्या शेजारी मोठ्याने बोलणारा मांत्रिक असला की कारभार कोणाचा होतो हे सांगायला नको. त्याने खजिन्यातून एक पेटी आणवली. पेटीत पाचूंची माळ होती.

"ही मौनमाळ," कालांजन म्हणाला. "हिच्यावर शाप आहे असे म्हणतात, पण शाप फार उपयोगी आहे. ही गळ्यात पडली की मूल रडत नाही, हट्ट करत नाही, कोणाला नाही म्हणत नाही."

राणीने विचारले, "आणि हसते?"

"हसण्याची गरज उरत नाही, राणीसाहेब."

राजाने माळेकडे पाहिले, लेकीकडे पाहिले, आणि हळूच म्हणाला, "घाला."

राणी वेत्रवती उठून उभी राहिली. दरबारात राणीने उठायचे नसते, पण ती उठली. म्हणाली, "महाराज, मला पौर्णिमेपर्यंत मुदत द्या. मी उपाय शोधून आणते."

"आणि नाही मिळाला तर?" कालांजनाने विचारले.

"तर पौर्णिमेच्या सकाळी माळ घाला."

राजा म्हणाला, "बरे." कालांजन मिशीतल्या मिशीत हसला.

राणी निघाली तेव्हा सगळ्यांनी सांगितले, मुलीला ठेवून जा, असल्या मुलीला घेऊन कोणी प्रवास करते का? राणी म्हणाली, "लेकीला मागे ठेवून लेकीचे औषध मला कोण देणार?" तिने जुने धुवट लुगडे नेसले, जरतारी अंगरख्यातल्या लेकीचा हात धरला आणि ती वेशीबाहेर पडली. सोबत एक शिपाई नदीपर्यंत आला.

नदीच्या वाळवंटात एक टिटवी होती. या दोघी जवळ येताच ती उडाली आणि डोक्यावर घिरट्या घालीत कर्कश ओरडू लागली. शिपायाने दगड उचलला. म्हणाला, "अपशकुनी पाखरू! विनाकारण बोंबलते." राणीने त्याचा हात धरला. तिला वाटले, विनाकारण इतके कोण ओरडते? तिने पायाखाली पाहिले. वाळूच्या रंगाची अंडी वाळूतच पडली होती, आणि शिपायाचा पुढचा पाय त्यांच्यावरच पडणार होता. राणीने शिपायाला परत पाठवले आणि लेकीला घेऊन लांबून वळसा घातला.

टिटवी खाली उतरली आणि बोलू लागली. "राणी, आजवर सगळ्यांनी वर माझ्याकडे पाहिले आणि दगड मारला. खाली पाहिलेस ती तूच पहिली. बोल, कुठे निघालीस?"

राणीने सगळे सांगितले. टिटवी म्हणाली, "वज्रकंठी नावाच्या ज्या बाईने ती माळ ओवली, तिलाच रड्याचा आणि माळेचा उतारा ठाऊक. वाटेत आधी काचेचे रान लागेल. मग हट्टाची विहीर. मग वज्रकंठीची गुहा. तिन्ही ठिकाणी तुझी परीक्षा आहे. राजे फौजा घेऊन गेले, मांत्रिक मंत्र घेऊन गेले, पण विहिरीपलीकडे कोणी पोचले नाही."

"मग मी काय घेऊन जाऊ?"

"ते तुझे तू बघ. मला अंड्यांवर बसायचे आहे," टिटवी म्हणाली, आणि बसली.

काचेचे रान खरोखरच काचेचे होते. बुंधे काचेचे, फांद्या काचेच्या, आणि पाने इतकी पातळ की मोठ्याने श्वास टाकला तरी झिणझिणत. कोणी आवाज केला की फांद्या तुटून अंगावर पडत. वाटेच्या दोन्ही अंगांना ढाली, चिलखते आणि त्यांच्या मालकांची हाडे पडली होती. मंत्र म्हणणाऱ्यांची हाडे अगदी रानाच्या तोंडाशीच होती.

राणीच्या तोंडचे पाणी पळाले. या रानातून मंजुघोषेला न्यायचे? तिने लेकीला कडेवर घेतले आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. हात पडताच मंजुघोषा ताठ झाली, मान झटकू लागली, तिचा श्वास फुलला. डोक्यावरचे एक पान तडकले. राणीने हात काढला, मागे सरली आणि रानाबाहेर लांब येऊन खाली बसली. तिला टिटवी आठवली. तिने लेकीच्या किंचाळणाऱ्या तोंडाकडे न पाहता तिच्या हातांकडे पाहिले. मंजुघोषेचे हात गळ्याशी होते. ती अंगरख्याची जरीची किनार ओढत होती.

राणीने बंद सोडले. आत गळ्याभोवती लाल वळ उठले होते.

"इथे टोचते का गं?"

मंजुघोषेने मान हलवली.

"कधीपासून?"

"नेहमीच," मंजुघोषा म्हणाली.

राणीला वाटले, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे. किती वेळा तिने स्वतःच्या हाताने ते बंद बांधले होते, किती वेळा लेकीने मान झटकली होती, आणि किती वेळा ती म्हणाली होती, नीट उभी राहा! तिने जरतारी अंगरखा काढून झुडपात टाकला. आपल्या लुगड्याचा धुवून धुवून मऊ झालेला पदर फाडला आणि लेकीला गुंडाळला. मग तिने तिला समोर बसवून सांगितले, "आता आपण या रानातून त्या टेकडीपर्यंत जायचे. पायाखाली करकर वाजेल. डोक्यावर झिणझिण होईल. भीती वाटली तर माझा हात दाब, मी थांबेन."

दोघी निघाल्या. थोडे चालले की मंजुघोषा हात दाबी, राणी थांबे. कितीही वेळ लागो, राणी घाई करीत नसे. असे थांबत थांबत त्यांनी रान ओलांडले, आणि मागे एक डहाळी मोडली नाही. टेकडीवर पोचल्यावर राणीने लेकीला उचलून गरागरा फिरवले.

पुढे उजाड माळ होता आणि माळाच्या मध्यावर हट्टाची विहीर. विहिरीभोवती वस्तूंचे ढीग पडले होते: पालख्या, मुकुट, सिंहासने, पैठण्या, आणि त्या ढिगांना टेकून बसलेले सांगाडे. काठावर एक म्हातारे कासव होते. ते म्हणाले, "आरडाओरडा करील त्याला ही विहीर मागेल ते देते. पण घेतलेल्या वस्तूगणिक पाणी पुरुषभर उंचीने खाली जाते. हे सगळे मुकुट घेऊन तहानेने मेले."

तेवढ्यात मंजुघोषेने पाहिले. विहिरीच्या कडेला सोन्याचे हरीण उभे होते, गळ्यात माणकांचा पट्टा.

"मला ते हवे!"

"नाही, बाळ. आपल्याला पाणी हवे."

"हवे! हवे! हवे!" आणि मंजुघोषेने आभाळ डोक्यावर घेतले. माळावरचे धोंडे तापून फुटू लागले. विहिरीने हरीण पुढे सारले. राणीचा हात सवयीने हरणाकडे गेला, तर खाली पाणी खळ्ळकन खचले. राणीने हात मागे घेतला आणि ती विहिरीच्या काठी मांडी घालून बसली.

मंजुघोषेने तिला गुद्दे मारले. मनगटाला चावा घेतला. केस ओढले. राणीने तिचे हात धरून अलगद बाजूला केले, पण ती ओरडली नाही की रडली नाही. एवढेच म्हणाली, "मी इथेच आहे. हरीण मिळणार नाही." विहीर मोठी लबाड. तिने हरणाच्या जोडीला मोर काढला, मोरावर बाहुली बसवली, बाहुलीच्या हातात पतंग दिला. मंजुघोषेचा आवाज टिपेला गेला.

कासव म्हणाले, "द्या की बाई! एवढ्या राजाच्या राणी, आणि लेकराला एका हरणासाठी रडवता?"

"तू तुझ्या कवचात जा," राणी म्हणाली.

ऊन कलले. राणीचा घसा कोरडा पडला, मनगट सुजले, आणि मनातून तिला शंभरदा वाटले, देऊन टाकावे ते मेले हरीण. पण ती उठली नाही आणि तिचा शब्द बदलला नाही. रडे कधीतरी संपतेच. मंजुघोषेचेही संपले. ती हुंदके देत आईच्या गुडघ्याला टेकली, बराच वेळ तशीच राहिली, आणि मग साध्या आवाजात म्हणाली, "आई, मला तहान लागली."

विहिरीचे पाणी सळसळत वर आले आणि काठाशी येऊन थांबले. हरीण, मोर, बाहुली सगळे राख होऊन उडाले.

"किती छान सांगितलेस गं!" राणी म्हणाली आणि मोठ्याने हसली, माहेरी हसायची तशी. मंजुघोषेने आईला असे हसताना कधी पाहिले नव्हते. ती आधी बघत राहिली, आणि मग तिलाही हसू आले. दोघी पोटभर पाणी प्याल्या. कासवानेही मुकाट्याने पाणी पिऊन घेतले.

माळ संपला तिथे वज्रकंठीची गुहा होती. वज्रकंठी म्हणजे एक म्हातारी योगिनी, दोरा ओवीत बसलेली. तिने मान वर न करता म्हटले, "रान ओलांडलेस, विहिरीला पुरून उरलीस. आता शेवटचे काम. या गुहेत तुझी लेक रडेल. तिचे रडे शेवटपर्यंत ऐकायचे. तिचे कान झाकायचे नाहीत, तुझेही झाकायचे नाहीत. संपल्यावर ते रडे काय म्हणाले, ते मला सांगायचे."

"ते तर मी रोज ऐकते," राणी म्हणाली.

"रोज तू नगारे ऐकतेस," वज्रकंठी म्हणाली.

गुहेत अंधार होता, म्हातारी अनोळखी होती, आणि मंजुघोषा दमलेली होती. ती रडू लागली. भिंतींनी रडे उचलले, दुप्पट केले, चौपट केले. राणीने लेकीला मांडीवर घेतले आणि डोळे मिटून ऐकत राहिली. आधी नुसता कल्लोळ होता. मग कल्लोळाखाली हाक ऐकू आली. हाकेखाली शब्द होते, आणि ते शब्द मंजुघोषा कित्येक वर्षे ओरडून सांगत होती: ढमढम नको. कानांत दुखते. मला भीती वाटते.

ती रडे म्हणून नगारे वाजत, नगारे वाजत म्हणून ती घाबरे, आणि घाबरे म्हणून आणखी रडे. वाड्यात पंडित होते, वैद्य होते, मांत्रिक होते, आणि हे सगळे मिळून आवाजाला भ्यालेल्या पोरीला आवाजानेच गप्प करायला बसले होते! आता काय म्हणावे यांना?

राणीने वज्रकंठीला ते शब्द सांगितले. मंजुघोषा शांत झाली होती, पण गुहेतले रडे थांबले नाही. अजून कोणी तरी रडत होते. आवाज एका लहान मुलाचा होता, आणि शब्द तेच होते.

"हा कोण?" राणीने विचारले.

"तुझा नवरा."

राणीने भिंतीला कान लावला.

"तोही लहानपणी असाच रडायचा," वज्रकंठी म्हणाली. "कालांजनाने मंत्राने निरोप धाडून माळ मागितली, मी ओवून धाडली. माळेने आवाज काढून घेतला आणि माझ्या गुहेत आणून टाकला. राजा झाल्यावर माळ उतरवली, आवाज न्यायला मात्र कोणी आले नाही. तेव्हापासून तो इथे रडतो आहे." तिने एका वाळक्या भोपळ्यात तो आवाज भरला, बूच लावले आणि भोपळा राणीच्या हातात दिला. "हा त्याला परत मिळाला की माळेचा शाप सुटला. पण नगारे वाजत असताना बूच काढू नकोस. आवाज कोणाच्या कानी पडला नाही तर तो हवेत विरेल, आणि मग माळ तुझ्या लेकीची वाट पाहते आहेच."

पौर्णिमेच्या सकाळी राणी वेशीत शिरली. दरबार भरला होता. राजा तिरप्या सिंहासनावर बसला होता आणि कालांजन हातात माळ घेऊन उभा होता.

"उपाय मिळाला?" त्याने विचारले.

"मिळाला. महाराज, आधी नगारखाना बंद करा."

कालांजन म्हणाला, "रिवाज आहे, राणीसाहेब. राजकन्या शांत असेल तर नगारे आपोआप शांत आहेत." असे म्हणून त्याने मंजुघोषेचा खांदा करकचून धरला.

मंजुघोषा किंचाळली. वर नगारे झडले. घुमटाची चीर रुंदावली, माती गळू लागली, दरबारी खांबांआड पळाले. राणीने आज्ञा केली, विनंती केली, पण त्या गदारोळात तिचा शब्द कोणाला ऐकू जाईना. भोपळ्याचे बूच काढावे तर आवाज विरणार, आणि न काढावे तर माळ लेकीच्या डोक्यापर्यंत आलेली. राणी जमिनीवर बसली, लेकीच्या डोळ्यांच्या उंचीला आली, आणि तिने आपला हात पुढे केला. दुसरे काही तिच्या हाती नव्हते.

मंजुघोषेने हात पाहिला. तिने दोन्ही मुठींनी तो दाबला, जिवाच्या आकांताने दाबला. आणि मग, नगारे डोक्यावर गर्जत असताना, त्या एवढ्याशा मुलीने किंकाळी गिळली आणि शब्दांत सांगितले, "आई, मला नगाऱ्यांची भीती वाटते."

रडे थांबले. झाकायला काही उरले नाही, तेव्हा रिवाजाप्रमाणे नगारचींचे हात थांबले.

राणीने बूच काढले.

भोपळ्यातून एका मुलाचे रडे बाहेर आले. सगळ्या दरबाराने ते ऐकले. ते सिंहासनाच्या पायऱ्या चढले आणि राजाच्या गळ्यात शिरले. राजा भद्रकेतू उभा राहिला. त्याची छाती हलली, तोंड उघडले, आणि तो राजा, ज्याचा आवाज कधी कोणी चढलेला ऐकला नव्हता, भर दरबारात हंबरडा फोडून रडू लागला.

राजकुळातले रडे! नगारचींनी घाईघाईने टिपऱ्या उचलल्या.

"खबरदार!" राजा गर्जला. घुमट हादरला, पण पडला नाही. "खाली ठेवा त्या! माझी लेक घाबरते. मीही घाबरत होतो. आजपासून या वाड्यात रडण्यावर नगारा वाजणार नाही!"

कालांजनाच्या हातातल्या माळेचे पाचू एकेक करून फुटले आणि चुलीतल्या राखेसारखे त्याच्या पायांवर सांडले. तो म्हणाला, "महाराज, शिस्तीसाठी..."

"मोठ्याने बोला, मांत्रिक," राजा म्हणाला. "मला आता सगळे ऐकायचे आहे." मांत्रिकाने पायांवरची राख झटकली आणि तो मागे सरकला.

राजा पायरीवर बसून रडतच होता. इतक्या वर्षांचे साचलेले एका दमात कसे संपेल? दरबारी एकमेकांकडे पाहत राहिले. रडत्या राजाचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नव्हते. मंजुघोषा पायऱ्या चढून त्याच्याजवळ गेली. तिने नीट पाहिले. मग मुकुटाच्या खाली, कपाळावर उमटलेल्या वळाला बोट लावले.

"बाबा, हे टोचते का?"

"हो गं," राजा म्हणाला. "फार टोचते."

तिने दोन्ही हातांनी मुकुट उतरवून बाजूला ठेवला. राजा लेकीला पोटाशी धरून हसला, आणि इतका मोठ्याने हसला की अंगणातला हत्ती दचकून पुन्हा खाली बसला.

राज्याची घडी बसली. कालांजनाला काचेच्या रानाची राखण दिली. तिथे तो चवड्यांवर चालतो आणि कोणाशी चकार शब्द बोलत नाही. नगारचींचे वतन गेले नाही. नगारे आता सणावारी, दूर टेकडीवर, मंजुघोषेला आधी सांगून वाजतात, आणि पहिला टोला तीच मारते. रानात गेलेला दगडी सिंह मात्र परतला नाही. त्याच्या जागी सुताराने ओंडका ठोकला आणि सिंहासन सरळ केले.

मंजुघोषेला पुढे कधी राग आलाच नाही, असे सांगणारा खोटे सांगतो. राग आला, ताटे उडाली, आरसेही फुटले. एकदा शेजारच्या राजाचा वकील तह करायला आला होता. बोलणी ऐन रंगात आली आणि राजकन्या किंचाळली. वकिलाने सवयीने कानांवर हात नेले आणि वर नगारखान्याकडे पाहिले. नगारे वाजले नाहीत. राजाने लेखणी खाली ठेवली, राणीने हात पुढे केला, आणि सगळा दरबार गप्प बसून राहिला.

वकिलाने कुजबुजत विचारले, "महाराज, आपण काही करत नाही?"

"करतो आहे," राजा म्हणाला. "ऐकतो आहे."

थोड्या वेळाने मंजुघोषेने डोळे पुसले आणि सांगितले, "वकीलसाहेबांच्या अत्तराने माझे डोके दुखते." वकील ओशाळून खिडकीपाशी जाऊन बसला. मंजुघोषा म्हणाली, "आता बरे वाटले." राजाने लेखणी उचलली, आणि त्या तहात नदीचा पलीकडचा काठ भद्रकेतूला मिळाला.

कहाणी इथे पुरी झाली. ऐकणाऱ्याच्या घरात कोणाचे मूल रडत असेल, तर त्याने आधी तिकडे जावे.